रंभाबाईंचा हात

मंद्रूप गावात कुणाच्या गाई-म्हशीच्या घशात काही अडकलं, की आधी रंभाबाईंना बोलावणं जायचं. त्यांचा हात बारीक आणि मन खंबीर. आंब्याची कोय, चिंध्यांचा बोळा, एकदा तर साबणाची वडी त्यांनी बाहेर काढली होती. पण काढून गप्प बसतील तर शपथ! ‘ही हिच्या तोंडात गेलीच कशी?’ याचा छडा लागेपर्यंत बाईंना भाकर गोड लागत नसे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात शंकरप्पाची म्हैस लाळ गाळू लागली. पाणी गिळेना, ओरडून घसा बसलेला. त्यानं आधी स्वतः हात घालून पाहिला, मग बाईंना बोलावलं. बाईंनी कोपरापर्यंत हात घातला, दोनदा चाचपलं. घसा रिकामा.

“शंकरप्पा, हिला काय चावलं व्हतं का रं?”

“महिन्यामागं भरदिवसा कोल्हा शिरला व्हता गोठ्यात. हाकलला की, काकू.”

बाईंनी आपल्या हाताकडं पाहिलं. कालच बोटं बाभळीच्या काट्यांनी ओरबाडली होती; त्यांवर आता म्हशीची लाळ होती. त्यांनी हात साबणानं खसाखसा धुतला आणि डॉक्टरांना निरोप धाडला.

जनावरांचे डॉक्टर आले, लांबूनच म्हैस पाहून म्हणाले, “पिसाळलीय. तुम्ही दोघं उद्या सकाळीच सोलापूर गाठा. पोटात चौदा इंजेक्शनं. टाळाटाळ केली तर जिवाशी गाठ आहे.”

बाई भ्यायल्या, पण जित्याची खोड! “कोल्ह्याला कोन चावलं, डॉक्टर?”

“कुत्रं असेल.”

“आन कोल्ह्याची नि कुत्र्याची गाठ कुटं पडली?”

डॉक्टर बॅग उचलून निघाले. उत्तर बाईंनाच घरी चूल पेटवताना सुचलं, आणि हातातली काडी तशीच विझली. बहात्तरच्या दुष्काळात मेलेली ढोरं गावानं माळावर नेऊन टाकली. त्यावर कुत्री वाढली, माजली. कोल्हेही तिथंच येऊ लागले, लचक्यासाठी एकमेकांना फाडू लागले. बाईंनी स्वतःची मेलेली गायही त्याच माळावर टाकली होती. त्यांना स्वतःचाच राग आला.

पहाटे म्हैस मेली. सकाळी बाई एस.टी.ला निघाल्या, तर वाटेत शंकरप्पाची बैलगाडी; मागं दोरानं बांधलेली म्हैस, गाडीचं तोंड माळाकडं. बाई बैलांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

“तितं न्हाय. पूर हिला.”

“काकू, खड्डा खणंस्तवर एस.टी. जाईल! डॉक्टर काय म्हनला?”

“दुसरी येईल की. पर हिला कुत्र्यांनी फाडलं, तर चौदा इंजेक्शनं कुनाकुनाला देशील? साऱ्या गावाला?”

शंकरप्पानं माळाकडं पाहिलं. चार कुत्री वास घेत आधीच येऊन बसली होती. तो कुदळ आणायला गेला, येताना शेजाऱ्यांनाही घेऊन आला.

फाट्यावर एस.टी.नं दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. तो ओरबाडलेला हात बाईंनी पदरात गुंडाळून घेतला, आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन त्या खड्डा बुजेपर्यंत कुत्री हाकलत राहिल्या.