कान्हेरीला नेलेली शहाणी टॉर्च

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "काचबिंदूने डावा डोळा गेलाच आहे. उजव्यात मधोमध थोडं दिसतंय, तेही मिटत चाललंय. जे बघायचंय ते बघून घ्या काका." आप्पा, म्हणजे माझे वडील, माझा हात धरून रिक्षात बसले. मुलुंड स्टेशन मागे पडल्यावर म्हणाले, "सुनी, मला एकदा कान्हेरीला ने. तुझ्या आईची बाई बघायचीय."

ही बाई म्हणजे कान्हेरीच्या वरच्या अंगाला, एका अंधाऱ्या लेण्यात, बुद्धाच्या पायाशी हात जोडून बसलेली वीतभर मूर्ती. लग्नानंतर आप्पा आईला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले, तेव्हा आई ओरडलीच म्हणे, "अगं बाई, ही तर मीच!" तेव्हापासून दर वर्षी दोघांची एक फेरी ठरलेली. आई जाऊन सहा वर्षं झाली. आप्पा नंतर एकदाही गेले नव्हते.

आता माझं खूळ सांगते. बायका साड्या घेतात, मी टॉर्च घेते. घरात अकरा आहेत, हसा खुशाल. या ट्रिपसाठी जी घेतली तिला बटण एकच, पण किती वेळा दाबल्यावर काय व्हावं ते सगळं आपण ठरवायचं. मी ठरवलं: एकदा दाबलं की मंद, दोनदा दाबलं की फुल, तीनदा दाबलं की लखलख उघडझाप. फुलवर दोन मिनिटं झाली की तापू नये म्हणून उजेड आपोआप उतरणार. तीन संध्याकाळी यातच घालवल्या. कसलं भारी वाटत होतं मला!

आप्पांनी भांडुपच्या कारखान्यात तीस वर्षं पत्र्याची, दोन सेलची टॉर्च वापरली. ते म्हणाले, "पेटली पाहिजे, विझली पाहिजे. बाकीची नाटकं कशाला?"

"आप्पा, जमाना बदलला."

"बदलू दे की. अंधार तोच आहे ना?"

मी त्यांचं ऐकलं नाही. शहाणी ना मी.

कान्हेरी आमच्या मुलुंडच्या मागच्या डोंगरापलीकडेच, पण जंगलातून वाट नाही. त्यामुळे लिंक रोडने गोरेगाव, तिथून हायवेने बोरिवली असा अख्खा वळसा. नॅशनल पार्कच्या गेटवर एक तिकीट, लेण्यांपाशी दुसरं. सुटे पैसे ठेवा. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, बस मिळते. सोमवारी लेणी बंद असतात, रविवारी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही बुधवार धरला. पाणी भरपूर घ्या. भाकरी आणि ठेचा नेला होता, पण माकडांनी पिशवीच लांबवली. पायथ्याशी बसलेल्या मावशींकडून मीठ-तिखट लावलेली काकडी घेतली आणि तेच आमचं जेवण झालं.

पायऱ्या दगडात कोरलेल्या, मध्ये मध्ये झिजलेल्या. आप्पांनी माझा खांदा धरला होता. मोठ्या चैत्यापाशी थांबून त्यांनी हात जोडले, पण आत येईनात. "डोळा दमवायचा नाही. आधी वर." एरवी अर्ध्या तासाची चढण आम्हाला दीड तास पुरली. खरं सांगते, त्या दीड तासात आप्पा आईबद्दल जितकं बोलले तितकं सहा वर्षांत बोलले नव्हते.

लेण्यात दुपारीही डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मी टॉर्च फुलवर केली. आप्पा म्हणाले, "इकडे दे. मला कुठून दिसतं ते तुला काय कळणार?" खरंच होतं ते. मी त्यांच्या हातात दिली. झोत हळूहळू सरकवत, मान तिरकी करत ते भिंत शोधत राहिले. बुद्धाचा गुडघा सापडला. पाय सापडला. "आली, आली गं," म्हणाले, आणि नेमकी दोन मिनिटं भरली. उजेड उतरला.

जुनी टॉर्च मंद झाली की माणूस काय करतो? तळहातावर ठोकतो आणि काचेत डोकावून बघतो. आप्पांनी तेच केलं. तीनदा ठोकली, अंगठा बटणावरच. मी "आप्पा, नको!" म्हणेपर्यंत ती लखलख वीतभर अंतरावरून त्यांच्या उरलेल्या डोळ्यात गेली.

ते मटकन खाली बसले. मी टॉर्च हिसकावून बंद केली, मोबाईल पेटवला, मूर्तीवर धरला. "आता बघा ना आप्पा, बघा!"

"हिरवं हिरवंच दिसतंय गं. थांब जरा."

आम्ही तासभर थांबलो. हिरवं जाईना. मला स्वतःला कानफटात मारावंसं वाटत होतं. शेवटी पहारेकरी दाराशी आला. "चला काका, टाइम झाला. शेवटची बस जाईल ना."

आप्पा उठले नाहीत. म्हणाले, "सुनी, तू बघ. सांग मला. नाक आहे का अजून?"

मी वाकून बघितलं. हात होते, गुडघे होते. चेहरा पार झिजून गुळगुळीत झाला होता. नाक नाही, डोळे नाहीत, काहीच नाही.

"आहे आप्पा."

"बसकं? तुझ्या आईसारखं?"

"हो. बसकंच."

बोरिवलीहून घरी येईपर्यंत ते खुशीत होते आणि मी खिडकीबाहेर तोंड करून रडत होते. डॉक्टर म्हणतात, त्या झोताने काही बिघडलं नाही, जाणार ते जाणारच होतं. असेलही. पुन्हा जाऊ म्हणेपर्यंत पावसाळा लागला, पायऱ्या शेवाळल्या. आणि श्रावणात एका सकाळी आप्पांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. आता त्यांना काहीच दिसत नाही.

वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर माझं ऐका. दाबलं की पेटणारी, दाबलं की विझणारी टॉर्च घ्या, आणि आठ दिवस आधी त्यांच्याच हातात द्या. त्यांचा हात काय करतो ते बघा. माझी सगळी अक्कल मी उजेड कसा हवा यातच खर्च केली.

परवा वाकोल्याहून आप्पांचे मावसभाऊ आले होते. आप्पा त्यांना रंगवून सांगत होते, "अजून जशीच्या तशी आहे रे. नाकसुद्धा. सुनीने स्वतः बघितलं." काका म्हणाले, "मग मी जातोच या बुधवारी. बघून येतो आणि तुला सांगतो."

आप्पांचा चेहरा उजळला. "सुनी, काकाला लेण्याचा नंबर सांग गं."

मी दुसऱ्याच लेण्याचा नंबर सांगितला.