भर मे महिन्यातली थंडी: इचोड्याच्या चिनी सुया आणि कुंतलाच्या पायऱ्या

आदिलाबादहून निर्मलच्या रस्त्याला लागणारी हौशी माणसं कुंतलाचा धबधबा पाहायला जातात. आम्ही माझी जीभ दाखवायला गेलो. धबधबा मी मागाहून जोडून घेतला, कारण नुसत्या दवाखान्यासाठी मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही, असं नवऱ्याला, म्हणजे संजयला, सांगून टाकलं होतं. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही, आणि तेवढ्या काळात मी इतके वैद्य, बाबा आणि लेडी डॉक्टर पाहिले आहेत की त्यांच्यावर वेगळा ब्लॉग काढता येईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हैदराबादच्या डॉक्टरांनी मागेच आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की माझं सगळं ठीक आहे. अडचण संजयची आहे आणि तिच्यावर उपचार करता येतात. परतताना बसस्टँडवर संजय म्हणाला, आईला मी सांगतो, सवडीनं. ती सवड काही मिळाली नाही आणि तोवर औषधं मला चालू राहिली. या वेळी मी त्याला बजावलं की हे शेवटचं. या फेरीत तू आईला सांग, नाहीतर यापुढं मी कुणाचा काढा गिळणार नाही. तो ‘हो’ म्हणाला. त्याला ‘हो’ फार छान म्हणता येतं.

निघायचं तर सकाळी सातच्या आत निघा. मे महिन्यात दहा वाजले की आमच्याकडे डांबरसुद्धा मऊ होतं. तेलंगणात बायकांना एक्स्प्रेस बस फुकट आहे, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. सासूबाईंचं आणि माझं शून्याचं तिकीट निघालं, संजयला पैसे पडले. माझ्या उपचारातला त्याच्या वाट्याचा हा पहिला भार.

सासूबाईंच्या पिशवीत नेहमीसारखी सब्जाच्या पाण्याची बाटली होती. माझ्या अंगात गरमी आहे म्हणून गर्भ ठरत नाही, हा त्यांचा निदान-सिद्धांत. लग्नानंतर वर्षभरातच त्यांनी माझ्या ताटातून तीळ, बाजरी, अंडी आणि पपई उठवली आणि त्या जागी ताक, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी आणलं. संक्रांतीला गल्ली तिळगूळ खाते, मी खडीसाखर खाते. सगळं अगदी मायेनं, त्यामुळे भांडायची सोय नाही.

इचोडा म्हणजे ट्रकवाल्यांचं गाव: ढाबे, गॅरेज, स्पेअर पार्ट. टायरच्या दुकानावर एक खोली, तिच्यावर तेलुगू अक्षरांची पाटी आणि पाटीवर तांबडा ड्रॅगन. तिथल्या मॅडम हैदराबादला कोर्स करून आलेल्या. चीन त्यांनी पाहिलेला नाही, पण नेपाळपर्यंत जाऊन आल्या आहेत, हे त्यांनी न विचारता सांगितलं. फी विचाराल तर आदिलाबादच्या बाजारात एक बरी सुती साडी येईल तेवढी.

त्यांनी माझी जीभ खालून-वरून पाहिली. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटून नाडी ऐकत बसल्या. आपल्याकडचे डॉक्टर इतका वेळ माणसाकडे बघतसुद्धा नाहीत, त्यामुळे मला बरं वाटलं. संजय माझी पर्स मांडीवर घेऊन बसला होता. त्याची जीभ तोंडातच राहिली.

डोळे उघडून मॅडम सासूबाईंना म्हणाल्या, “अम्मा, इनकू अंदर ठंडक बैठी है. बच्चादानी ठंडी है.”

बाहेर टायर उन्हात वितळायच्या बेतात होते. संजय दुपट्ट्यानं मान पुसत होता. मॅडमनी समजावून सांगितलं की चिनी शास्त्राप्रमाणे मूत्रपिंडात एक ऊब असते, ती कमी झाली की गर्भाशय गारठतं. म्हणून गरम पाणी प्यायचं, आलं आणि चिनी बोरं उकळून घ्यायची, तीळ खायचे, रात्री पायमोजे घालायचे. ताक, काकडी, सब्जा, सगळं बंद.

मग सुया. ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी: मुंगी चावते तेवढंच कळतं. पोटावर, पायाच्या घोट्याशी सुया, आणि वर वाळलेल्या पाल्याची जाड विडी पेटवून तिचा शेक. खोलीभर धूर झाला. यानं मूल होतं का, ते मी सांगू शकत नाही. झोप मात्र लागली, तीही अशी की मी घोरले. तेवढ्यात सासूबाईंच्या गुडघ्यांनाही मॅडमनी दोन-चार सुया लावून दिल्या. उभा जन्म कापूस वेचण्यात गेलेले ते गुडघे. त्या उठल्या त्या भिंतीला हात न लावता.

एवढा गुण आल्यावर त्या खूश व्हायला हव्या होत्या. ढाब्यावर आम्ही तंदुरी रोटी आणि पप्पू, म्हणजे तेलुगू पद्धतीचं वरण, मागवलं, ते छान होतं, पण त्यांनी अर्धी रोटी टाकली. बाहेर पडताना त्यांनी सब्जाची बाटली रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून दिली. मला वाटलं, उन्हानं असेल.

पुढं नेरडीगोंड्यापर्यंत बस आणि तिथून ऑटो. येण्याजाण्याचं आधीच ठरवून घ्या, कारण धबधब्यावर दुसरा ऑटो मिळेलच असं नाही. रस्ता सागाच्या जंगलातून जातो, पण मे महिन्यात सागाला पान नसतं. धबधबाही उन्हाळी सुट्टीवर होता. काळ्या खडकावरून एक धार कशीबशी उतरत होती. पावसाळ्यानंतर जा.

खाली जायला भरपूर पायऱ्या आहेत. सासूबाई थोड्या उतरल्या आणि मधेच बसल्या. पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या.

“इतके वर्सं मीच तुले थंड करून राह्यली होती न पोरी,” त्या म्हणाल्या. “माह्याच हातानं तुही मांडी रिकामी ठेवली.”

मी खाली पायरीवर बसले आणि संजयकडे पाहिलं. खरं सांगते, मनात एक दुष्ट विचार येऊन गेला: राहू दे त्यांना असंच वाटत, थोडे दिवस. संजय रेलिंग धरून उभा होता, आणि मग तो त्यांच्या पायाशी येऊन बसला.

“आई, रडू नको. तुह्या सब्जानं काई नाई झालं. कमी माह्यात हाय. हैदराबादच्या डॉक्टरनं आमाले कवाच सांगतलं.”

सासूबाईंनी डोळे पुसले. आधी त्याच्याकडे, मग माझ्या घोट्याकडे पाहिलं. सुया टोचलेल्या जागी अजून लाल होतं.

“मंग हे पोरगी काऊन टोचून घेऊन राह्यली?”

उत्तर माझ्याकडे होतं, पण प्रश्न त्याला होता.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. माझ्या एवढ्या वर्षांच्या काढ्यांनी त्याच्या तोंडून जे शब्द निघाले नाहीत, ते आईच्या डोळ्यांतल्या पाण्यानं पायरीवर बसल्या बसल्या निघाले. बोलला हे बरं झालं. पण कुणासाठी बोलला, तेही मी लक्षात ठेवणार आहे.

घरी आल्यावर सासूबाईंनी पायमोजे संजयच्या उशाशी नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवसापासून आल्या-बोरांचा काढाही त्याच्याच पुढे. हैदराबादच्या डॉक्टरांची तारीख त्यानं घेतली आहे. काढा मात्र तो मुकाट पितो. वास मला माहीत आहे, त्यामुळे दया येते, पण थोडीच.

शेजारच्या कमलाबाई चौकशीला आल्याच. सुनेला चिनी औषधाचा गुण आला का, विचारत होत्या. सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, “सुनेले काई झालंच नव्हतं. दवा पोराले चालू हाय.”

कमलाबाई चहा न घेता गेल्या. त्या दुपारी मी बाजरीची भाकर, तिळाची चटणी आणि मोठा पेला ताक, असं गरम-थंड सगळं एका ताटात घेऊन बसले. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, आणि पेल्यात आणखी ताक ओतलं.