उसवलेलं पार्सल

पोस्टाच्या खिडकीतल्या त्या साहेबाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

मी सुतार. नव्वद सालानंतरची गोष्ट. मेहुण्यानं आखातातून बॅटरीवर चालणारं ड्रिल आणलं होतं. जळगावात ते बघायला लोक थांबायचे. पुढे बॅटरी चार्ज धरेना, म्हणून मुंबईच्या दुरुस्तीवाल्याकडे पार्सल करायचं ठरलं. बॅटरी ड्रिललाच राहू दिली आणि ड्रिल केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळून डब्यात ठेवलं. आमच्याकडे काही पाठवायचं तर भरण केळीच्या पानांचंच. बायकोनं वरून मांजरपाटाचं कापड शिवलं, लाख लावली. सुई-दोरा बरोबर घेऊन दोघं पोस्टात गेलो.

साहेब म्हणाला, "आत बॅटरी? उसवा. मशीनपासून वेगळी करा."

तिनं वेगळी केली, पुन्हा शिवलं.

"टोकांना टेप कुठाय? ठिणगी पडली तर टपालाची थैली जळेल. उसवा."

मी टेप आणायला पळालो. तिनं पुन्हा शिवलं. तिचा दमा चढला होता.

"हा पाला पेटतो. चालणार नाही. उसवा."

ती म्हणाली, "भाऊ, बठ्ठं, सगळं एकदाच सांग ना."

"बोर्डावर लिहिलंय सगळं. वाचता येत नाही तर शिकलेला माणूस आणायचा, बाई."

रांगेतले हसले.

नियम बरोबरच होते. माझं भांडण नियमांशी नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली. दम्यानं गेली, पार्सलानं नाही, एवढं मलाही कळतं. पण अंथरुणावरसुद्धा म्हणायची, "लोक हसले हो."

पुढे साहेबानं पिंप्राळ्यात घर बांधलं आणि दारांचं काम माझ्याकडेच आलं. त्यानं मला ओळखलं नाही. मी मुद्दाम घेतलं. म्हणालो, लाकूड ओलं आहे, बदला. बदललं, तर बिजागरी हलकी. जड आणली, तर स्क्रू आखूड. वास्तुशांतीच्या सकाळी पुढचं दार भिंतीला टेकलेलं, चौकटीवर चादर, बाहेर पाहुणे.

"मिस्त्री, सगळं एकदम सांगायला काय झालं होतं?" तो ओरडला.

"माझी बायकोही हेच विचारत होती, साहेब. पोस्टात. तीनदा पार्सल उसवायला लावलंत तिला."

"कोणती बाई? रोज कितीतरी येतात."

खोटं बोलत नव्हता. तेच जास्त लागलं. मी हत्यारं पिशवीत भरली. तो पाहुण्यांदेखत "अहो मिस्त्री, ऐका तरी" करत गल्लीच्या टोकापर्यंत मागे आला. मी रिक्षात बसलो.

दार दुसऱ्या कुणी बसवलं असेल. त्या गल्लीतून गेलो की आजही त्याच्या उंबऱ्याकडे बघून थुंकतो.