चौकडीच्या बंडीतला माणूस

अख्ख्या सिंगापूरमध्ये आपली पाठ सुरक्षित असल्याची खात्री करून मगच पहिला घास घेणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. पासिर रिसला त्यांच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, भर दुपारी खुर्ची मिळणं हेच नशीब. पण मामा वाफाळत्या नूडल्सचा ट्रे हातात धरून खांबाजवळची खुर्ची रिकामी होईपर्यंत उभे राहतात. "पाठ दाराकडे करून बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत मरतो, जावईबापू," हे त्यांचं कारण. मी एकदा म्हटलं, "मामा, इथे दारच नाहीये. चारी बाजूंनी उघडं आहे." मामांनी चहूकडे सावध नजर फिरवली आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणूनच तर!"

हे सगळं काउबॉयच्या जुन्या मालिकांमुळे. पस्तीस वर्षांपूर्वी मामा बँकेच्या नोकरीसाठी इथे एकटेच आले. मामी मागून यायची होती, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि भाड्याच्या खोलीतल्या टीव्हीवर रोज संध्याकाळी टोप्या घातलेले लोक घोड्यांवरून यायचे. तेवढीच सोबत. पुढे मामी आली, फ्लॅट झाला, मामा इथले नागरिक झाले, बँकेतून निवृत्तही झाले, पण त्या घोडेस्वारांना त्यांनी अंतर दिलं नाही. त्या मालिका आता एका चॅनलवर फक्त रविवारी तीन वाजता लागायच्या आणि आम्हाला त्या बघायला जुरोंग ईस्टहून तासभर एमआरटीच्या मेट्रोत बसून जावं लागायचं. "फोनवर हवं तेव्हा बघता येतं की," असं मी सुचवलं तेव्हा मामा दुखावले. "हवं तेव्हा बोलवायला ते काय नोकर आहेत आपले? त्यांनी त्यांच्या वेळेला यायचं, आपण घरी असायचं."

मामांबरोबर मालिका बघायची म्हणजे मालिका सोडून बाकी सगळं बघायचं. नायक नायिकेला वाचवत असताना मामा ओरडणार, "तो घोडा बघा, पांढऱ्या पायाचा! गेल्या रविवारी दरोडेखोरांकडे होता. फितूर झाला!" टोळीचा पाठलाग चालला की मामा त्यातले खडक ओळखणार, कारण सगळे पाठलाग त्याच एका खडकाला वळसे घालून होत असत. एकदा शेरीफच्या मनगटावर घड्याळ काढून ठेवल्याचा गोरा पट्टा दिसला, तर त्या आनंदात मामांनी मामीला दुसऱ्यांदा श्रीखंड वाढायला लावलं. तोंडाचा पट्टा अखंड चालू. लिटिल इंडियात कढीपत्ता घेतानाही ते दुकानदाराला विचारणार, "सांगा बरं, सलूनचं, म्हणजे काउबॉयच्या गुत्त्याचं, झुलतं दार आतल्या बाजूला जास्त उघडतं की बाहेरच्या?" दुकानदार बिचारा कोथिंबीर फुकट देऊन सुटका करून घेतो. मामी म्हणते, "मी पस्तीस वर्षं टीव्ही ऐकलेलाच नाही. फक्त ह्यांना ऐकलंय."

पण मामांचा खरा जीव अडकला होता तो एका माणसात. चौकडीची बंडी घातलेला, डावा खांदा थोडा खाली सोडून चालणारा एक एक्स्ट्रा. त्याचं नाव कुठेच येत नसे. मालिका कुठलीही असो, हा त्यात असायचा आणि मरायचा. कधी छपरावरून पडून, कधी बारच्या टेबलावर, कधी घोड्यासकट. मरण्यापलीकडे त्याला काम नव्हतं आणि बोलायला एक शब्दही नसायचा. मामांची एकच इच्छा होती, या माणसाला एकदा तरी एक वाक्य मिळालेलं बघायचं. माझी दहा वर्षांची मुलगी ईशा त्यांना इथल्या सिंगापुरी इंग्रजीत चिडवायची, "मामाआजोबा, ही ऑलवेज डाय वन, लाह!" त्यावर मामा म्हणत, "थांब गं. मिळेल त्याला."

आणि जुलैमध्ये पडद्याच्या तळाशी पट्टी सरकली की महिनाअखेरीस या मालिका बंद होऊन त्या वेळेला पाककृतींचा कार्यक्रम सुरू होणार. चार रविवार उरले. पहिल्या रविवारी बंडीवाला विहिरीपाशी मेला. दुसऱ्या रविवारी बँकेच्या दारात. तिसऱ्या रविवारी तर तो मालिका सुरू व्हायच्या आधीच मेलेला होता, नुसता आडवा दिसला. मामा त्या दिवशी श्रीखंडाला शिवले नाहीत.

शेवटच्या रविवारी तो तबेल्यात उभा होता, जिवंत. मामा नेमके लगामाच्या कड्यांविषयी काहीतरी सांगत होते. मला दिसलं की नायक त्याच्याकडे वळतोय, आणि मामा बोलत राहिले तर गेलं सगळं. ईशाने झेप घेऊन मामाआजोबांच्या तोंडावर हात दाबला. बंडीवाला म्हणाला, "घोडा तयार आहे, साहेब." एवढंच. नायक निघून गेला, बंडीवाला दारात उभा राहिला, मेला नाही.

ईशाचा हात बाजूला करून मामा म्हणाले, "आवाज पातळ आहे हो त्याचा. मला वाटलं होतं, भारदस्त असेल." मग चष्मा पुसत म्हणाले, "इतकी वर्षं मेला बिचारा, पण तालमीला दांडी मारली नसेल कधी."

ते वाक्य मला लागलं. कारण आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली एकांकिका गेली बारा वर्षं मी लिहितो आणि मीच बसवतो. पहिल्या वर्षी मामांना मी पोस्टमन केलं होतं, एका वाक्याचा. तालमीत त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि पुढे घोड्यावरून डाक कशी नेत असत, ते पंधरा मिनिटं सांगितलं. मी वाक्यच काढून टाकलं. त्यानंतर मामा शेजारी झाले, वऱ्हाडी झाले, कोर्टात बसलेला माणूस झाले, एका वर्षी प्रेत झाले. प्रेताच्या प्रत्येक तालमीला ते सगळ्यांच्या आधी हजर, वर सगळ्यांसाठी चकल्या. तक्रारीचा एक शब्द नाही. इतकं बोलणाऱ्या माणसाने नेमकी हीच गोष्ट कधी बोलून दाखवली नाही, आणि मी इतका शहाणा की मला ती कळली नाही. मला स्वतःची लाज वाटली.

या वर्षीच्या एकांकिकेत घोड्याचा काही संबंध नव्हता, तो मी आणला. मामा इतिहासातल्या एका सरदाराचे सेवक. वाक्य एकच. वाक्य दिलं त्या संध्याकाळी मामांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि घरी जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मामीने घाबरून मला फोन केला, "अहो, ह्यांना बरं नाहीये का?"

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत उभा होतो. मामा डावा खांदा थोडा खाली सोडून आले. लवून मुजरा केला. "घोडा तयार आहे, सरकार." आणि थांबले. पुढे एक शब्द नाही. आवाज त्यांचाही पातळच आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पहिल्या रांगेतून ईशा ओरडली, "नॉट डेड, लाह!" आणि हॉल हसला, टाळ्या पडल्या. मामा तसेच खाली मान घालून उभे होते.

आता रविवारी तीन वाजता त्या चॅनलवर कुणीतरी केक करतं. आम्ही अजूनही जातो. मामा भांड्यांच्या कड्या मोजतात, पण त्यात जीव नाही. मग केव्हातरी टीव्हीचा आवाज बारीक करून, माझ्याकडे न बघता, ते दर वेळी तेच विचारतात, "जावईबापू, खरं सांगा. त्या दिवशी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का हो?"

मी होतो विंगेत. मला काय माहीत? पण मी म्हणतो, "पोचला, मामा."

मामा मान डोलावतात. "त्या बंडीवाल्याचाही पोचला," ते म्हणतात. "तिथून थेट पासिर रिसपर्यंत."