सासूबाईंचं वाट चुकलेलं जवस

माझ्या सासूबाई शेवंताबाई जवस पेरत असतील तेव्हा त्यांना कुणी हाक मारायची नाही, असा आमच्या घरचा कायदा आहे. वय बासष्ट, गुडघे कुरकुरतात, पण बियांची टोपली कमरेला लागली की बाई गात गात उभ्या धानात शिरतात आणि बाहेर येतात त्या डोक्यापर्यंत चिखलाने माखून. मी बालाघाट शहरातली, मला आधी वाटलं यांना भोवळ आली!

खैरलांजीकडच्या आमच्या गावात या पेरणीला उतेरा म्हणतात. कापणीला पंधरा-वीस दिवस राहिले की उभ्या धानातच बी फेकायचं. मग धान कापून न्यायचं आणि मागे उरलेल्या ओलीवर, पहाटेच्या दंवावर जवस वाढू द्यायचं. नांगर नाही, पाणी नाही. दिवस ठरवते सासूबाईंची उजवी टाच. टाच दाबली की खड्डा पडला पाहिजे, पण त्यात पाणी साचता कामा नये. तसं झालं की हातातला चहासुद्धा तिथेच सोडून त्या पळतात.

यंदा मात्र या पेरणीवर पैज लागली होती. माझ्या नवऱ्याला, अश्विनला, बोअर मारायची होती. शेजारच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, प्रेमलालभाऊंची बोअर आहे, त्यांचं उन्हाळी धान बघून याच्या तोंडाला पाणी सुटलेलं. सासूबाई उसळल्या. "गावचा हँडपंप चैतात खोकते, अजून एक भोक पाडून त्याले मारता का रे?" तर प्रेमलालभाऊ भर चौकात म्हणाले, "वहिनी, दंवावर काय पोट भरते?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. शेवटी मायलेकात ठरलं : संक्रांतीला आपली बांधी जवसाच्या निळ्या फुलांनी भरली तर बोअर नाही, नाहीतर मशीन येणार.

पेरणीच्या आदल्या दिवशी वारा सुटला आणि दोन्ही बांध्यांतलं धान आडवं झालं. मधला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, त्याखाली गडप. सासूबाई नेहमीप्रमाणे पायांकडे बघत, गात, मुठीमुठीने बी उधळत पुढे निघाल्या. मी काठावर टोपली भरून देत होते. त्या फार लांब गेल्यासारख्या वाटल्या खऱ्या, पण मला सगळं धान सारखंच दिसतं आणि हाक मारायची तर बंदी!

दोन्हीकडचं धान कापल्यावर उजेड पडला. आमच्या बांधीत एका कडेला चिमूटभर हिरवं, बाकी नुसते धानाचे खुंट. आणि प्रेमलालभाऊंची बांधी जवसाच्या रोपांनी गच्च भरलेली. मी आधी पोट धरून हसले. मग सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि मला माझीच लाज वाटली. माहेराहून आणलेलं, तीस वर्षं जपलेलं बी होतं ते. भाऊंनी उन्हाळी धानासाठी पंप सुरू केला की सगळं बुडणार.

त्या रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन पंपाचा आवाज ऐकायच्या. आवाज येत नव्हता. विचारायला जा म्हटलं तर, "मी काहून जाऊ?" पौष लागला, तरी पंप मुकाच.

संक्रांतीला बोअरची मशीन धडधडत आली. प्रेमलालभाऊंची बांधी इतकी निळी झाली होती की मशीनवाल्याने उतरून आधी फोटो काढला. अश्विनही बघतच राहिला, पण हटेना. "माय, फुलं आपल्या बांधीत पाह्यजे होते. ठरलं होतं ना?"

"हौ, ठरलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात प्रेमलालभाऊ तिळाचे लाडू घेऊन आले. अश्विनकडे बघून म्हणाले, "मशीन वापस पाठव. मह्या बोअरले दसऱ्यापासून पाणी नाही. नुसती हवा फेकून राह्यली. लाजेनं कोणाले सांगतलं नाही."

अश्विनने मशीनवाल्याला हातानेच थांबवलं.

"वहिनी, तुम्ही मह्या बांधीत शिरल्या तवा मी झाडाखालीच बसलो होतो. हाक मारनार होतो."

"मंग काहून नाही मारली?"

"म्हटलं, गाऊन राह्यल्या, तर गाऊ द्या. मही बांधी तशीही रिकामीच राह्यली असती."

आता सासूबाई हसतील, चौकातल्या बोलण्याचं उट्टं काढतील, असं मला वाटलं. त्यांनी डोळे पुसले, लाडू घेतला आणि अर्धा मोडून भाऊंच्याच हातावर ठेवला.

"जवस अर्धं तुमचं," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली बियाणं बी देईन. पन पेरीन मीच. मले तुमच्या बांधीचा रस्ता मालूम हाय."