पखवाजाची कणीक

दिंडोशीची कुंदा घाडी स्वतःच सांगते, की तिला पखवाजातलं काही कळत नाही. तिचं ऐकू नका. पोळीभाजी केंद्रात दुपारपर्यंत चारशे पोळ्या लाटणारी ही बाई. पाणी कधी मापून घालत नाही आणि पोळी कधी वातड होत नाही. नवरा चंद्रप्रकाश भजनात पखवाज वाजवायचा, तेव्हा पखवाजाच्या डाव्या बाजूच्या चामड्याला लावायची कणीक वीस वर्षं हिनेच भिजवली. त्या कणकेशिवाय पखवाज घुमत नाही. सैल झाली तर आवाज बसतो, सुकली तर पत्र्यासारखा वाजतो. मग नवऱ्याचा खांदा गेला आणि पखवाज लेकीकडे, श्रुतिकाकडे आला.

भजनी मंडळाचे सर्वेशबुवा गातात झकास, पण माणूस हट्टी. घाटकोपरला रविवारी दुपारी डबलबारी ठरली, म्हणजे दोन बुवांचा आमनेसामने भजनाचा सामना. तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं, "वैनी, पोरीला बसवतो. पण पखवाज कमी पडला तर पुन्हा नाही. मंडळाच्या नावाचा प्रश्न आहे ना." श्रुतिका दोन वर्षं या एका दिवसासाठी हात घासत होती.

आणि या शहाणीने काय करावं? निघताना आईला म्हणते, "तू नको लावू गं कणीक. लोक म्हणतील, हिला अजून आई लागते." कणीक पोरीनेच लावली, कुंदा नुसती सोबत गेली. वाईट वाटलं तिला, खोटं कशाला बोला.

बारी रंगायला लागली आणि मंडपातल्या मोठ्या पंख्यांनी अर्ध्या तासात कणीक वाळवून टाकली. पोरीचा हात कुठे चुकत नव्हता, पण घुमायच्या जागी नुसती टणटण. समोरचे सुयोगबुवा असली संधी सोडतात होय? आपली पाळी येताच माईकवर मालवणीत म्हणाले, "आमका वाटलां पखवाज हाडल्यानी. ह्येंनी तर रॉकेलचो डबो हाडल्यानी."

पखवाज म्हणून रॉकेलचा डबा आणलाय म्हणे! मैदान खदखदून हसलं. सर्वेशबुवांनी मान वळवून मागे बसलेल्या मिथुनकडे पाहिलं. मिथुन मंडळाचा जुना वादक. पुढच्या पाळीला पखवाज त्याच्या मांडीवर जाणार, हे कुंदाने ओळखलं.

ती उठली. मंडळींच्या जेवणासाठी जिथे पोळ्या चालल्या होत्या तिथून मूठभर पीठ घेतलं आणि लेकीला पखवाजासकट मंडपामागे बोलावलं. श्रुतिकाचे डोळे भरलेले. "आई, वाट लागली गं. लाव ना तूच."

"रड मग. आधी तो पाण्याचा तांब्या दे."

कुंदाने वाळलेली कणीक खरवडली, चामडं ओल्या फडक्याने पुसलं. पंखे लक्षात धरून पाणी नेहमीपेक्षा जरा जास्त, पण मळणी तिप्पट. गोळा थापून तिने कान जवळ नेला. "वाजव." चिमूटभर कणीक काढली. "वाजव." कडेने अंगठा फिरवला. तिसऱ्या थापेला ती नुसती म्हणाली, "जा आता."

सर्वेशबुवांनी मिथुनला खूण करायच्या आत श्रुतिका जागेवर जाऊन बसली होती. गजर सुरू झाला, तिने पहिली थाप मारली, आणि ती छातीत वाजली. पहिली मान डोलावली ती सुयोगबुवांनीच. मालवणी माणूस टिंगल करील, पण दाद चोरायचा नाही. पुढे तासभर पोरीने असा पखवाज वाजवला, की मिथुनच उठून टाळ घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसला.

बारी संपली. सर्वेशबुवांनी माईक ओढला आणि साथीदारांची नावं घेतली. "पखवाजावर श्रुतिका घाडी." मग जरा घसा साफ केला. "आणि कणकेवर तिची आई, कुंदा घाडी. पुढच्या बारीलाही ह्याच दोघी."

भजनाच्या साथीत कणकेचं नाव आजवर कुणी घेतलेलं नव्हतं. माणसं टाळ्या वाजवत मागे वळून तिला शोधायला लागली. कुंदा मंडपाच्या खांबापाशी उभी होती. पदर सारखा करायचंही तिला सुचलं नाही. पिठाचे हात तिने तसेच जोडले.