नेकलेस रोडवरची थंडी आणि पोपटी कापड

हैदराबादची थंडी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या रनिंग ग्रुपला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहाटे स्कूटीवर बसलं की नाक गार पडतं. बस्स. दहा वाजता घरी पंखा लागतो. मलकपेठला आमच्या गल्लीत लोक एवढ्यावर कानटोपी चढवतात, पण त्यांना मी माफ करते. ते कानटोपी घालून दूध आणायला जातात, दहा किलोमीटर पळायला नाही.

आमचा ग्रुप लीडर मात्र पळायचा. फ्लीसचं जाड, उबदार जॅकेट घालून.

लीडर पुण्याचा, आमच्याच कंपनीत मॅनेजर. दोन वर्षं ऑनसाइट, म्हणजे परदेशातल्या क्लायंटकडे, राहून आलेला, अशा कुठल्यातरी गावात जिथे म्हणे नळातलं पाणी गोठतं. नोव्हेंबर लागला की त्याची मेल यायची, सब्जेक्टमध्येच तीन उद्गारचिन्हं. विंटर ट्रेनिंग!!! आधी थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर विंडचीटर, हातात ग्लव्ह्ज, कानांवर पट्टी. आणि तळाशी बोल्डमध्ये, प्रॉपर गिअर नसेल तर ग्रुपबरोबर पळता येणार नाही, सेफ्टी फर्स्ट.

आणि आमचे लोक! ऑफिसात कोडच्या एकेका ओळीवर तासभर भांडणारे लोक. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की बाबा रे, आपण राहतो कुठे? ऑनसाइटवाला सांगतोय ना, मग झालं. त्या वर्षांत ऑनसाइटवाल्याने सांगितलेलं सगळं खरंच असायचं. शनिवारी सगळे नव्या मॉलमध्ये, रविवारी सगळे नेकलेस रोडवर, चंद्रावर निघाल्यासारखे. हुसेनसागरच्या कडेने ही फुगलेली चमकदार माणसं धापा टाकत चाललीयत, आतून घामाने चिंब, आणि फिरायला आलेले म्हातारे लुंगी-बनियनवर उभे राहून बघतायत. एक जण ओरडला, "क्या जी, बरफ गिरने वाली है क्या?"

मी फिस्सकन हसले. लीडर म्हणाला, "इग्नोर कर गं. या लोकांना अवेअरनेसच नाहीये."

घाम त्याच्या हनुवटीवरून टपकत होता.

माझ्याबरोबर या सगळ्यात माझी वहिनी होती. आईची अटच होती, अंधारात एकटीने जायचं नाही. दादाला पहाट कशी दिसते ते आजही माहीत नाही, मग राखणीला वहिनीला पाठवलं. वहिनी नांदेडकडची. आम्हीही मूळचे तिकडचेच, शेतीवालेच, फक्त आमचे आजोबा नोकरीसाठी हैदराबादला आले आणि आमची मराठी अर्धी उर्दूत भिजली. वहिनीची अजून कोरडी खणखणीत होती. मी तिच्याहून चांगली लहान, तरी ती मला ताई म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि मी तिला खुशाल अगं-तुगं.

पहिल्या दिवशी ती शाल गुंडाळून बाकावर बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बसून थंडी वाजतीय ताई. मी पण येते हळूहळू."

महिन्याभरात ती हळूहळू माझ्या पुढे निघून गेली! अंगात सलवार-कमीज, ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेशी गाठ, पायात माझे जुने बूट, मोठे होत होते म्हणून पुढे कापूस कोंबलेला. घरी ती दिवसभर कोणाची ना कोणाची कोणीतरी असायची. सूनबाई, वहिनी, अगं ऐकलंस का, चहा टाकतेस का. त्या रस्त्यावर तिला कोणीच हाक मारत नव्हतं. एकदा परत येताना स्कूटीवर मागून म्हणाली, "दिवसातला एवढाच वेळ माझाय बघा ताई." सिग्नल सुटला आणि मी स्कूटी दामटली.

जानेवारीत दहा किलोमीटरची शर्यत होती. दोघींची नावं दिली. आईला सांगितलं, कंपनीचा कार्यक्रम आहे.

आणि डिसेंबरात वहिनी मागे पडायला लागली. हात छातीशी घट्ट धरून पळायची, भरलेली कळशी नेत असल्यासारखी. एक दिवस म्हणाली, "उद्यापासून मी बाकावरच बसते."

"का गं?"

"असंच. दमायला होतंय."

थापा! ती दमणाऱ्यातली नव्हतीच. मी स्कूटी स्टँडला लावली आणि म्हटलं, खरं सांगितल्याशिवाय चावी फिरवत नाही. तेव्हा रस्त्याकडे बघत बोलली, "दुखतंय ताई. सगळं हलतं. एकावर एक दोन-दोन घालते, वरून ओढणी आवळते. पट्ट्यांखाली सोलवटलंय. आंघोळीला पाणी लागलं की जीव जातो."

मी अंगाने नुसती काडी. मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आणि पुढचं काय होणार तेही मला तिथेच दिसलं. ती बाकावर बसली की आठवड्याभरात आई म्हणणार, नुसतं बसायचं तर जातेस कशाला, इथं नाश्त्याला हात लाव. की संपलं. तिचा तेवढा वेळ गेला तो गेला.

मग मी लीडरला मेल टाकली. सरळ, स्वच्छ मराठीत इंग्रजी अक्षरं बडवून. बायकांनी आतून काय घालायचं? दोन मिनिटांत उत्तर. गुड क्वेश्चन! लेडीजसाठी सेम लेयर्स, फक्त साइझ स्मॉल. खाली स्मायली.

स्मॉल!! या माणसाकडे मनगटाचा घाम टिपायला वेगळी पट्टी होती. कानांच्या पाळ्या सुखरूप राहाव्यात म्हणून याने परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते. आणि ग्रुपमधल्या बायकांना छाती असते ही बातमी याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

ग्रुपमध्ये एकीजवळ खरी स्पोर्ट्स ब्रा होती. तिला गाठलं तर म्हणाली, "इथे नाही मिळत यार. मी सिंगापूरहून आणली. कोणी येणारं असेल ना, त्यांच्याकडून मागव." जसं काही सगळ्यांच्या घरी दर महिन्याला कोणीतरी सिंगापूरहून येतंच. आमच्याकडे येतात ते नांदेडहून, आणि येताना तूरडाळ आणतात.

मॉलमध्येही गेले. पुरुषांच्या बुटांची आख्खी भिंत, प्रत्येक बुटावर वेगळा लाइट. टाच अशी पडत असेल तर हा, तशी पडत असेल तर तो. लेडीज सेक्शन म्हणजे कोपऱ्यातला एक स्टँड, त्यावर गुलाबी टोप्या आणि गुलाबी बाटल्या. सेल्समन म्हणाला, "मॅडम, लेडीज में अभी योगा आया है." योगा म्हणजे गुलाबी चटई.

शेवटी वहिनीला घेऊन सुलतान बाजार गाठला. तिथे बायकांच्या आतल्या कपड्यांची दुकानं चालवणारे सगळे पुरुष, मागे छतापर्यंत पुठ्ठ्याचे खोके. आई त्यांना भाई म्हणते आणि जमिनीकडे बघत साइझ पुटपुटते. मी मोठ्याने म्हटलं, "भाई, दौड़ने के वास्ते होना."

"दौड़ने के वास्ते?" त्याने चष्म्यावरून बघितलं. "कौन पीछे लगा बेटा?"

"कोई नहीं. खालीपीली दौड़ते हम लोग. सुबह."

"हौ?" त्याने खोका काढला, लाल जाळीचा नवरीचा सेट गादीवर पसरला. "ये लेके जाओ. दुल्हन का माल है, एकदम मजबूत."

"इसमें दौड़ेंगे?"

"इसमें दौड़ने की जरूरतइच नहीं पड़ती, अम्मा."

वहिनी तोंडात ओढणीचं टोक कोंबून हसत बाहेर पळाली. किती दिवसांनी हसली होती!

मी बाहेर आले तर ती समोरच्या कापडाच्या दुकानात. शाळेच्या गॅदरिंगला मोर, नाग, पोपट होणाऱ्या पोरांच्या ड्रेसचं कापड होतं, चमचमतं, ताणलं जाणारं. तिने दोन्ही हातांनी ओढलं, सोडलं, परत ओढलं. मग माझ्या कानाशी लागली, "घेऊ या. हे घाम पीत नाही."

"तुला कसं कळलं?"

"थुंकी लावून बघितली. वरच राहिली."

काळं संपलं होतं. मोरपंखीचा तुकडा अपुरा होता. पोपटी भरपूर होतं. पोपटी म्हणजे पोपट लाजेल असं पोपटी. पुढे कोठीच्या बाजारापर्यंत चालत गेलो आणि रुंद इलॅस्टिक घेतलं.

दुपारी वहिनी शिलाई मशीनवर बसली. पहिलं शिवलं ते इतकं घट्ट की डोक्यातून अर्धं गेलं आणि अडकलं. वहिनी खोलीत हात वर करून उभी, तोंड पोपटी कापडात, मी खालून ओढतेय, दोघींना हसू आवरत नाहीये.

बाहेरून आई, "काय चाललंय गं आत?"

"काही नाही आई!" कापडातून आवाज.

दुसऱ्यांदा तिने पट्टे पाठीवर आडवे नेले, कापड दुहेरी घेतलं, आणि टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूने ठेवली. घालून खोलीतल्या खोलीत उड्या मारून बघितल्या, काहीच हललं नाही. मग कपाटाला टेकून नुसतीच उभी राहिली.

रविवारी ओढणी स्कूटीच्या डिकीत गेली. कमीजावर आणखी काही नाही. आजवर रविवारी ती ग्रुप निघाल्यावर मागून यायची; आज सगळ्यांबरोबर उभी राहिली तर लीडरने लगेच अडवलं.

"वहिनी, तुमचे लेयर्स?"

"आतून आहे."

"आणि विंडचीटर? ग्लव्ह्ज? बघा, राग मानू नका, पण रूल म्हणजे रूल."

वहिनीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. टोपी, पट्टी, चेन गळ्यापर्यंत ओढलेली, नाकावर घामाचे मणी. "भाऊजी," ती अगदी काळजीने म्हणाली, "तुम्हाला उकडत नाही का हो?"

मागे दोघे-तिघे खोकले. एकाने गुपचूप चेन खाली केली.

"ग्रुपबरोबर पळायचं तर..." लीडर सुरू झाला.

"मग मी पुढं पळते," ती म्हणाली आणि गेली.

हात मोकळे सोडून! कोपरं मागे-पुढे जातायत, वेणी पाठीवर आपटतेय. मी तिला गाठायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. मागून लीडरचे लेयर्स सळसळत होते, ते पण नंतर ऐकू येईनासे झाले.

घरी आल्यावर तिने ते धुतलं. आमच्याकडे असले कपडे टॉवेलखाली झाकून वाळत घालायची पद्धत, सगळ्यांच्याच घरी असते. वहिनीने ते सरळ गॅलरीतल्या दोरीवर टाकलं, दादाच्या ऑफिसच्या शर्टांमध्ये, उन्हात. आख्ख्या गल्लीला पोपटी दिसत होतं.

आई तुळशीला पाणी घालायला आली आणि थबकली. "हे काय लटकवलंय?"

मी तोंड उघडलं, "ते आमच्या गॅदरिंगचं..."

"माझं आहे, आई," वहिनी म्हणाली. तिचे हात ओले होते, ते तिने पुसलेही नाहीत. "पळायचं आहे."

आईने ते दोरीवरून काढलं. गेली शर्यत, गेली स्कूटी, गेला तिचा वेळ. आईने ते उलटं केलं, सुलटं केलं, इलॅस्टिक दोन्ही हातांनी ताणून बघितलं, आणि खांद्यापाशी शिवणीत नख घातलं.

"इथं एकच टीप मारलीस," ती म्हणाली. "इथंच उसवतं सगळ्यात आधी. वाळलं की दुहेरी मार."

आणि झटकून परत तिथेच वाळत घातलं, दोन चिमटे लावून, वारा सुटला होता म्हणून.